म्हणे सॅलरी स्लिप जोडा!

"टीडीएसमधील तफावत तपासण्यासाठी कृपया संबंधित महिन्यांच्या सॅलरी स्लिप जोडाव्यात." पगारातून कापलेला कर (म्हणजेच टीडीएस) सरकारी नोंदीत अर्धाच दिसतोय, अशी तक्रार केली, त्यावर एका कंपनीच्या एचआरचं आज सकाळी आलेलं हे उत्तर. अहो, सॅलरी स्लिप बनवली कुणी? कंपनीने. ठेवली कुठे? कंपनीच्या पोर्टलवर. त्या पोर्टलचं लॉगिन बंद कुणी केलं? कंपनीनेच, शेवटच्या दिवशी, लॅपटॉप जमा करून घ्यायच्याही आधी. आणि आता तीच स्लिप नोकरी सोडलेल्या माणसाने आणून दाखवायची, मग हे बघणार की आपणच त्याच्या पगारातून किती कापलं! कपाटाची किल्ली स्वतःच्या कनवटीला आणि वर विचारतात, कपाट का उघडत नाही?

उत्तराची दुसरी ओळ आणखी भारी. "दोन वर्षांपूर्वीचा डेटा सिस्टिममध्ये उपलब्ध नाही." कंपनी कायद्याचं कलम १२८ हिशेबाची पुस्तकं व्हाउचरांसकट ८ वर्षं सांभाळायला सांगतं. पगार हा काय चहापाण्याचा खर्च आहे का, की चिठ्ठी फाडली आणि विषय संपला? डेटा आहे. शोधायचा कंटाळा आहे.

आणि ही तीच मंडळी बरं का, जी दर जानेवारीत भाड्याच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प नाही म्हणून प्रूफ परत पाठवतात. घरमालकाचा पॅन द्या, सही पावतीवरच्या नावाशी जुळत नाही, स्कॅन तिरका आलाय. तेव्हा यांचा काटेकोरपणा बघावा! स्वतः फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, द्यायची वेळ आली की "पेरोल व्हेंडर बदललाय". तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो आणि नाही दिला तर दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. या दंडाला घाबरलेला एचआरवाला अजून बघण्यात नाही.

प्रकरण तसं साधं आहे. २०२३-२४, पगार महिन्याला ९५,०००, नोकरी एप्रिल ते सप्टेंबर. कर कापला सहाही महिने, २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा) दिसतोय फक्त पहिल्या तिमाहीचा. दुसऱ्या तिमाहीच्या जागी मोकळं मैदान. रिटर्नमध्ये पूर्ण रक्कम दाखवली, त्यावर आयकर खात्याची १४३(१)ची इंटिमेशन आली : उरलेला कर भरा, वर व्याज. म्हणजे एकदा पगारातून गेला तो गेलाच, आता पुन्हा खिशातून.

स्लिप नाही म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही, आकडा बाहेर काढता येतो. पीएफचं पासबुक कंपनीच्या हातात नसतं, ते ईपीएफओच्या साइटवर यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराने, उघडतं. (यूएएनला ऑफिसच्या सिमचा नंबर जोडला असेल तर ओटीपी त्या सिमवर जातो आणि सिम एचआरच्या ड्रॉवरमध्ये असतं. नोकरी सोडायच्या आधी हा नंबर बदला, हात जोडून सांगतो.) पासबुकात कर्मचाऱ्याचा हिस्सा ४,५६०. तो १२ टक्के, म्हणजे बेसिक ३८,०००. नेमणूकपत्राच्या जोडपत्रात बेसिक ४० टक्के लिहिलंय, म्हणजे ग्रॉस ९५,०००. बँकेत आले ८३,८७०. फरक ११,१३०. त्यातून पीएफ ४,५६० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० वजा केले की उरले ६,३७०.

आता उलट्या बाजूने या. वर्षाचे ११,४०,०००, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, नव्या रिजीमचे त्या वर्षीचे स्लॅब लावून कर ७३,५००, चार टक्के सेससकट ७६,४४०. भागिले बारा : ६,३७०. रुपयाला रुपया! सहा महिन्यांचे ३८,२२०, दिसतात १९,११०, गायब १९,११०. हे दोन आकडे जुळल्यावर रात्री साडेबाराला एकट्याने टाळी वाजवणारा माणूस जगात असतो, आणि तो हे लिहितोय. लोक क्रिकेट बघतात.

हे गणित फसतंही. कंपनीने पीएफ १५,०००वरच धरला असेल तर पासबुकात सरसकट १,८०० दिसतात, त्यावरून बेसिक काढता येत नाही, मग सगळी भिस्त नेमणूकपत्रावर. फुल अँड फायनलची, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाची, रक्कम तर यात मिसळूच नका. त्यात नोटिशीची वसुली, रजेचे पैसे असं सगळं कालवलेलं असतं. नव्या कंपनीला फॉर्म १२बी (जुन्या नोकरीतल्या पगाराची आणि कराची माहिती) दिला असेल तर त्याची प्रत शोधा, बरेचदा जुन्या स्लिपा त्यालाच चिकटवलेल्या सापडतात.

कंपनीशी भांडायच्या आधी २६एएस नीट वाचा. नोंदच नसेल तर बहुधा कंपनीने २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं तिमाही पत्रक) भरलेलं नाही किंवा पॅनचं एखादं अक्षर चुकलंय. नोंद आहे पण स्टेटसला 'यू' आहे, तर पैसे भरले नाहीत किंवा चलनाचा तपशील चुकलाय. क्रेडिट 'एफ' दिसल्यावरच. दुरुस्ती फक्त कंपनीच करू शकते, २४क्यूचं करेक्शन भरून. तुमच्या लॉगिनला त्यासाठी बटण नाही. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडे आलेल्या आपल्या वर्षभराच्या नोंदी) फीडबॅक देता येतो तोही आलेल्या नोंदीवर. जी नोंद आलीच नाही, तिच्यावर काय देणार, कप्पाळ? आणि दिलाच तर तो खातरजमेसाठी परत कंपनीकडेच जातो. चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरलंस का?

घाबरून चलन मात्र भरू नका. १९६१च्या कायद्याचं कलम २०५ सांगतं, जितका कर कापला गेला तितका करदात्याकडे पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ सालीच हे कर्मचाऱ्याच्या बाजूने सांगितलंय. सीबीडीटीने, म्हणजे आयकर खात्याच्या वरच्या मंडळाने, १ जून २०१५ आणि ११ मार्च २०१६ला आपल्याच अधिकाऱ्यांना लिहून कळवलंय की अशी वसुली दामटू नका. पण कॉम्प्युटरला ही पत्रं कोण वाचून दाखवणार! तो डिमांड काढतो आणि पुढच्या वर्षीचा रिफंड त्यात वळता करायला बघतो. म्हणून आयकराच्या ई-फायलिंग साइटवर पेंडिंग ॲक्शन्समध्ये रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड उघडा, 'डिसॲग्री' निवडा, कारणात कलम २०५ लिहा, आणि बँक स्टेटमेंट, पासबुक, नेमणूकपत्र, वरचं गणित हाताशी ठेवा. ॲसेसिंग ऑफिसरला (आपल्या रिटर्नचा आयकर अधिकारी) हेच सगळं जोडून पत्र द्या, पोच घ्या. दुसरं पत्र कंपनीच्या टीडीएस ऑफिसरला. कंपनीचा टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) २६एएसमध्येच असतो, तो त्याच साइटवर 'नो (Know) टॅन डिटेल्स'मध्ये टाकला की अधिकारी कोण ते कळतं. त्याची एक प्रत कंपनीला पाठवा आणि त्यात कलम २७६बीचा नुसता उल्लेख करा. कापलेला कर न भरल्यास त्या वर्षीच्या कायद्यात ३ महिने ते ७ वर्षं सक्तमजुरी होती. जो डेटा सिस्टिममध्ये नसतो, तो या एका ओळीनंतर बरेचदा सापडतो.

हे लिहीपर्यंत दुसरा मेल आला. तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद. आमच्या सेवेला किती स्टार द्याल? एक द्यायला लिंक उघडली, तर तिथे एम्प्लॉयी लॉगिन मागतायत.