एसीतला गॅस 'संपत' नाही: एका फिरत्या मेसेजला मेकॅनिकचं उत्तर

मार्च लागला की तो मेसेज येतो. यंदा एका दिवसात चार ग्रुपवर आला: शाळेच्या, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि, कहर म्हणजे, आम्हा एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्यांच्या. वर ठळक अक्षरांत 'एसी मेकॅनिक तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत', खाली सहा मुद्दे, शेवटी जोडलेले हात. मी 22 वर्षं रत्नागिरीत हेच काम करतो. तेव्हा मेकॅनिक काय सांगतो ते मुद्द्यांच्या क्रमानेच बघा.

'गॅस वापरून संपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी भरून घ्या.'

तुमच्या फ्रिजमध्ये शेवटचा गॅस कधी भरला होता? आठवत नाही ना? फ्रिज बारा महिने चोवीस तास चालतो, एसी वर्षातले तीन-चार महिने, तोही रात्रीचा. यंत्र तत्त्वाने एकच. मग फ्रिजचा गॅस पंधरा वर्षं पुरतो आणि एसीचा दर वर्षी कसा संपतो?

संपणं हा स्कूटरचा हिशेब आहे. तिथे पेट्रोल जळतं, एसीत काही जळत नाही. गॅस बंद नळीत नुसता फिरतो. आतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा तो खोलीतली उष्णता उचलतो. कंप्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो ती उष्णता टाकून पुन्हा द्रव होतो आणि कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरवून परत आत येतो. दीड टनाच्या स्प्लिटमध्ये साधारण पाऊण ते एक किलो गॅस असतो, नेमका आकडा आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, पट्टीवर छापलेला असतो. मशीन भंगारात जाईल त्या दिवशीही तेवढाच आत असायला हवा. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, दुसरं कारण नाही.

मांडवीकडच्या एका काकूंचं सांगतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पाडव्याला आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या रे. कडुलिंब खायचा आणि एसीत गॅस भरायचा." तीन वर्षं, दर वेळी तीनेक हजार रुपये. आउटडोअरचं बाजूचं झाकण काढलं, तर जाड नळीच्या नटाखाली तेलकट काळा डाग आणि त्यावर धुळीचा मऊ थर. गॅस निसटताना कंप्रेसरचं थोडं तेल बरोबर घेऊन येतो आणि तेलावर धूळ बसते, त्यामुळे असा डाग दिसला की निम्मा शोध तिथेच संपतो. साबणाचा फेस लावला. थोडा वेळ काहीच नाही. मग नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. काकू चष्मा लावून बघत होत्या. "एवढ्याशातून जातो?" म्हणाल्या. एवढ्याशातूनच जातो.

उरलेला गॅस काढून नट सोडवला, तर नळीचं फ्लेअर, म्हणजे तुतारीसारखं पसरवलेलं तोंड, एका बाजूला चिरलेलं. बसवणाऱ्याने पाणा जरा जास्तच आवळला असणार. टोक कापून नवं फ्लेअर काढलं, नायट्रोजनचा दाब देऊन गळती बघितली, व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा काढली आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. त्यानंतर तीन पाडवे गेले. तीन माणसांनी तीन वर्षं गॅस भरला आणि नटाकडे एकानेही पाहिलं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मेसेजवाल्याची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की स्प्लिट एसीचे सांधे कारखान्यात नाही, तुमच्या गॅलरीत जोडले जातात, म्हणून गळतीची तक्रार स्प्लिटमध्ये जास्त दिसते. जुन्या विंडो एसीत सगळे सांधे कारखान्यातच झाळलेले असायचे. पण त्यावर उपाय सांधा नीट करणं हा आहे, पाडव्याची वारी नव्हे.

आता दाब मोजायच्या गेजची गंमत. मेकॅनिक गेज लावतो, काटा दाखवतो, "बघा, प्रेशर कमी आहे" म्हणतो, आणि आपण मान डोलावतो. आर-32 या नव्या गॅसचा एसी बंद असेल आणि बाहेर 32 अंश असतील, तर काटा 280 पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास उभा राहतो. आत गॅस पूर्ण असो की निम्मा, आकडा तोच, कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तापमानावर ठरतो, मापावर नाही. चालू एसीत तो 120 ते 140 च्या घरात येतो, पण इन्व्हर्टर मशीनमध्ये कंप्रेसर वेग बदलतो तसा काटाही हलतो. पूर्ण वेगात असताना कमी दाखवतो, मंदावला की वर चढतो. त्यात बऱ्याच मेकॅनिकांचा हात आर-22 वर बसलेला. त्या जुन्या गॅसला 60-70 पीएसआय ठीक असायचे, तोच आकडा डोक्यात धरून नव्या मशीनवर काम करणारेही मी पाहिलेत. खात्रीने भरायचा तर आधीचा काढून, व्हॅक्यूम करून, पट्टीवरच्या वजनाइतका काट्यावर मोजून भरायचा. तुमच्याकडे आलेल्या माणसाच्या पिशवीत वजनकाटा आहे का, हे बघायला काही शिकावं लागत नाही.

'कॉइलवर बर्फ धरला म्हणजे गॅस कमी' हेही अर्धंच खरं. फिल्टर गादीच्या कापसाने चोंदला की कॉइलवरून हवा जात नाही, कॉइल शून्याखाली उतरते आणि तसाच बर्फ धरतो. आधी फिल्टर नळाखाली धरा. आणि कोकणात आणखी एक घोळ होतो. मे अखेरच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी पिळून काढण्यात जाते. दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज सोडतो, बाहेरच्या नळीखाली बादली ठेवून बघा. अशा दिवसांत एसीच्या तोंडाशी हवा नेहमीइतकी गार लागत नाही. लगेच फोन येतो, "गॅस गेलाय." गॅस कुठे जात नाही, बादली भरत असते.

'लवकर गार हवं तर 16 वर ठेवा.'

रिक्षावाल्याला "स्टेशनच्या पुढे सोड" म्हटल्याने स्टेशन लवकर येत नाही. साध्या एसीचा कंप्रेसर एक तर चालू असतो नाहीतर बंद, आणि चालू असताना त्याचा जोर एकच. इन्व्हर्टरमध्ये खोली 33 अंशांवर असेल तर 24 लावा की 16, सुरुवातीला तो पूर्ण जोरानेच धावतो. फरक पुढे पडतो: 24 वाला मंदावतो, 16 वाला रात्रभर धापा टाकतो आणि तुम्ही पहाटे गोधडी शोधता. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे एसी मुळात 24 वर लावूनच यावे लागतात. एक अंश वर ठेवला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं हाच ब्युरो सांगतो.

'कॉपर कॉइलचाच घ्या, तो कधी गळत नाही.'

तांबं चांगलं, पण 'कधी' हा शब्द खोटा. 'शंभर टक्के कॉपर' म्हणतात तेव्हा नळ्या तांब्याच्या असतात. त्यावरचे पातळ पंख ॲल्युमिनियमचेच. समुद्राची खारी ओल दोन्ही धातूंच्या मधे बसली की झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते. समुद्रकाठच्या मिऱ्याकडच्या आउटडोअरचे पंख मी बोट लावताच पापडासारखे चुरताना पाहिलेत. नळी शाबूत, पण पंख गेले म्हणजे उष्णता टाकायला जागाच उरली नाही. आत गॅस पूर्ण आणि तरी एसी रडतो.

आणि तांबंही गळतं. नवं फर्निचर, प्लायवूडचा गोंद, पॉलिश यांच्या वाफांतून फॉर्मिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं तयार होतात. फॉर्मिक म्हणजे मुंगीच्या डंखातलं आम्ल. ओल्या कॉइलवर ती बसली की तांब्याच्या आत डोळ्यांना न दिसणारी बोगदे-बोगदे अशी झीज होते. शास्त्रातही तिला मुंगीच्या वारुळाचंच नाव आहे. गटाराच्या, नाल्याच्या कडेला हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं करतो ते वेगळंच. मग तांबं का घ्यायचं? छिद्र सापडलं तर आम्हाला ते झाळता येतं, म्हणून. ॲल्युमिनियमच्या कॉइलला बहुतेक वेळा रामराम करावा लागतो. एवढं एक कारण पुरेसं आहे. कोकणात राहत असाल तर त्याच्या जोडीला पंखांवरचं गंजरोधक कोटिंग विचारा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आउटडोअरवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने मारलात तर पंख वाकतील.

'इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागतच नाही.'

खोक्यावर 'स्टॅबिलायझर-फ्री' लिहिलेलं असतं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत व्होल्टेजची एक रेंज असते. अर्थ इतकाच की त्या रेंजमध्ये मशीन चालेल. रेंजच्या बाहेर काय होईल, त्याची हमी कुणी दिलेली नाही. आमच्याकडे पावसाळ्यात फांदी तारेवर पडून न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटते आणि 230 व्होल्टच्या जागी घरात 400 च्या जवळपास येतात. त्या सेकंदाला पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जाते, आणि इन्व्हर्टरची पीसीबी म्हणजे खिशाला कंप्रेसरच्या खालोखाल फटका. शहरात, जिथे वीज स्थिर आहे, तिथे मी स्टॅबिलायझर विकत नाही. दोन पैसे सुटतात तरी नाही. खेड्यात मात्र जादा व्होल्टेजला लाइन तोडणारं काहीतरी हवंच, आणि अर्थिंग खरंखुरं हवं. नुसतं तीन पिनांचं सॉकेट म्हणजे अर्थिंग नव्हे.

पीसीबीचा दुसरा शत्रू मेसेजमध्ये नाही, म्हणून मी घालतो: पाल. ऊब शोधत आउटडोअरच्या पेटीत शिरते, दोन टोकांना एकदम टेकते आणि स्वतःबरोबर बोर्ड घेऊन जाते. माझ्याकडे अशा बोर्डांचा एक डबाच आहे. वायर जिथून आत जाते त्या भोकाला बारीक जाळी किंवा पुट्टी लावून घ्या.

'हॉट अँड कोल्ड एसीत गिझरसारखी कॉइल असते, बिल तिप्पट येतं.'

उलट आहे. त्यात एक फोर-वे व्हॉल्व्ह असतो, तो गॅसची वाट फिरवतो. मग आतली कॉइल तापते, बाहेरची गार होते, आणि बाहेरच्या थंड हवेतलीही उष्णता खेचून आत आणली जाते. एक युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता मिळते. हीटरमध्ये एकाला एकच. थंडीत तो मधेच थांबतो, बाहेरून वाफ निघते, लोक घाबरतात. बाहेरच्या कॉइलवरचं दहिवर वितळवायला तो काही मिनिटं उलटा फिरतो, बाकी काही नाही. निफाडकडच्यांनी विचार करायला हरकत नाही. रत्नागिरीत तो जादा पैसा कशाला?

'कंप्रेसर पाच वर्षांत जातोच, पाचव्या वर्षी एसी बदला.'

हा मुद्दा ज्याने लिहिला त्याचं दुकान असावं.

कंप्रेसर म्हणजे वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं लोखंडी भांडं. मोटर, पंप आणि तेल, तिन्ही आतच. त्याचं तेल बदलायचं नसतं, त्याला ग्रीस लागत नाही. तो आपणहून क्वचित मरतो, बहुतेकदा त्याला मारलेलं असतं. गळका सांधा तसाच ठेवून वर्षानुवर्षं कमी गॅसवर पळवला की तो तापत जातो, आणि गॅसबरोबर फिरून परत यायचं तेलही नीट परत येत नाही. बाहेरची कॉइल धुळीने लिंपलेली असली की त्याला जास्त दाबावर काम करावं लागतं. आणि पहिल्या दिवशी व्हॅक्यूम पंप न लावता थोडा गॅस सोडून नळीतली हवा 'उडवली' असेल, तर थोडी हवा आणि ओल आतच राहते. आर-32 बरोबर चालणारं तेल पावसाळ्यातल्या मिठासारखं पाणी ओढतं. त्यातून आम्ल तयार होतं आणि आम्ल मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, लागतं. त्यात आर-32 थोडा पेट घेणारा गॅस, तो गॅलरीत उगाच सोडायचा नसतोच. बसवायला आलेला माणूस पंप न आणता दहा मिनिटांत 'झालं' म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि पंप घेऊन यायला सांगा.

मागच्या वर्षी एका दवाखान्यातला सहा वर्षांचा साधा, बिगर-इन्व्हर्टर एसी बघायला गेलो. आधीच्या माणसाने निदान केलं होतं: कंप्रेसर गेला, नवा घ्या. आउटडोअरचा पंखा फिरत होता, कंप्रेसर 'हूंऽऽ' करायचा आणि काही सेकंदांत ओव्हरलोड होऊन बंद पडायचा. पेटी उघडली तर मोटरला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर, 50 एमएफडीचा (मायक्रोफॅरड, हे त्याचं माप), वरून पोळीसारखा टम्म फुगलेला. मीटरवर मोजला तर 18 दाखवला. कंप्रेसरला फिरायची सुरुवातच मिळत नव्हती. शिडी लावण्यापासून झाकण बंद करेपर्यंत वीस मिनिटं लागली, सुटा भाग तीनशे-साडेतीनशेचा. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पेशंटला चष्मा हवा होता आणि याने डोळा काढायला सांगितला." तो एसी अजून चालू आहे.

तेव्हा कुणी "कंप्रेसर गेला" म्हटलं की तीन गोष्टी विचारा: कपॅसिटर मीटरवर मोजला का, वाइंडिंगची तिन्ही टोकं आपसात आणि बॉडीशी तपासली का, आणि कंप्रेसर थंड झाल्यावर पुन्हा सुरू करून बघितला का. इन्व्हर्टर असेल तर पहिल्या प्रश्नाच्या जागी 'पीसीबी तपासली का' असं विचारा. आणि वॉरंटी कार्ड आधी काढून ठेवा. दहा वर्षं कंप्रेसरची लिहिलेली असतात, पण गॅस, मजुरी आणि पीसीबी त्यात धरलेत की नाही, ते मागच्या पानावर छापलेलं असतं.