एकाने सही दिली नाही म्हणून घर कायमचं अडकत नाही, तो फॉरवर्ड चुकीचा आहे

"महत्त्वाची कायदेशीर माहिती, सर्वांना पाठवा" असं वर लिहिलेला एक मेसेज परत फॅमिली ग्रुपवर फिरायला लागलाय. त्यात म्हटलंय की सामाईक घरातल्या एकाने जरी सही नाकारली तर घर कधीच विकता येत नाही, कोर्टसुद्धा काही करू शकत नाही. एकाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला तर तो माणूस दुसऱ्या दिवशी सामान घेऊन घरात राहायला येऊ शकतो. बारा वर्षं जो राहतो घर त्याचं. प्रॉपर्टी कार्डवर नाव नाही तर हक्क नाही. आणि लग्न झालेल्या बहिणीला भावांनी आधी वाटप केल्याशिवाय राहत्या घरात वाटणी मागता येत नाही.

यातलं काही अर्धवट खरं आहे आणि बाकी चूक आहे. मी हे एवढं लांबलचक लिहितोय कारण असे मेसेज वाचून लोक गप्प बसतात, आणि गप्प बसण्याचं नुकसान नेहमी ज्याच्या ताब्यात घर नाही त्याचं होतं.

पहिला मुद्दा, कारण सगळं त्यावरच उभं आहे. अख्खं घर खरेदीखताने विकायचं तर सगळ्या मालकांच्या सह्या लागतात, हे बरोबर. एकाने परस्पर अख्खं घर विकलं तरी बाकीच्यांचा हिस्सा त्यात जात नाही (एकत्र कुटुंबाचा कर्ता खऱ्या गरजेसाठी विकू शकतो तो प्रकार वेगळा, पण वडिलांनी स्वतः घेतलेला फ्लॅट वारसांकडे येतो तेव्हा तिथे कर्ता वगैरे नसतो, प्रत्येकाचा हिस्सा आपापला). पण इथून उडी मारून "म्हणजे घर कायमचं अडकलं" म्हणणं चूक आहे. कोणताही सहहिस्सेदार, त्याचा हिस्सा कितीही लहान असो, वाटपाचा दावा लावू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आता शेत तुकडे करून देता येतं, दोन खोल्यांचा फ्लॅट कसा कापणार? हा प्रश्न इंग्रजांच्या काळातच आला होता, त्यासाठी १८९३ चा वाटप कायदा आहे, पार्टिशन अ‍ॅक्ट, आणि तो आजही चालू आहे. त्याचं कलम २ सांगतं की मालमत्ता नीट वाटता येण्यासारखी नसेल आणि विकून पैसे वाटणं सगळ्यांच्या जास्त फायद्याचं असेल, तर एकट्याचा किंवा काही जणांचा मिळून किमान निम्मा हिस्सा असलेल्यांनी मागणी केली की कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं.

उदाहरण घेऊ. समजा वडील मृत्युपत्र न करता गेले, हिंदू कुटुंब, मागे आई, एक मुलगा, दोन मुली, आजी हयात नाही. ठाण्यातला फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर होता. हिंदू वारसा कायद्याने चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा. मुलगा आईसोबत तिथेच राहतो आणि विकायला तयार नाही. दोन्ही बहिणी एकत्र आल्या की पाव अधिक पाव, बरोबर निम्मा हिस्सा झाला, म्हणजे विक्रीची मागणी करायला त्या पात्र झाल्या! मेसेज लिहिणाऱ्याने हे कलम वाचलंच नाहीये असं सरळ दिसतं.

आणि भावावर अन्याय होतो का? तर नाही, कारण लगेच पुढचं कलम ३ त्याच्यासाठी आहे. बहिणींनी विक्री मागितली की भाऊ कोर्टाला म्हणू शकतो की बाहेर विकू नका, यांचा हिस्सा मीच घेतो, मग कोर्ट मूल्यांकन करून घेतं आणि त्या किमतीला घ्यायची पहिली संधी त्याला देतं. बहिणींना बाजारभावाच्या आसपास पैसे मिळतात, भावाचं आणि आईचं छप्पर राहतं. लिलाव झालाच तर हिस्सेदार स्वतःही बोली लावू शकतात. मला या कायद्यातला हा भाग खरंच आवडतो, राहणाऱ्याला रस्त्यावर न आणता निघून गेलेल्याचा पैसा मोकळा करायचा मार्ग सव्वाशे वर्षांपूर्वीच कुणीतरी विचार करून लिहून ठेवलाय आणि आपण तो वापरायचं सोडून दहा-दहा वर्षं अबोला धरतो.

मागणाऱ्यांचा हिस्सा निम्म्याहून कमी असेल तर? तरी वाटपाचा दावा लावता येतोच. घर मोठं असेल, वाडा किंवा बंगला, तर सरस-निरस मानाने वाटप होतं, ज्याच्याकडे जास्त किमतीचा भाग जातो त्याने दुसऱ्याला फरकाची रक्कम द्यायची.

वेळ लागतो का, तर लागतो, खोटं कशाला सांगू. आधी कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग कोर्ट कमिशनर (पाहणीसाठी कोर्टाने नेमलेला माणूस), मोजणी, मूल्यांकन, मग अंतिम हुकूमनामा, मध्ये अपिलं. पूर्वी प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कुणी वेगळा अर्जच करायचं नाही आणि फाईल पडून राहायची, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं की वेगळ्या अर्जाची वाट न बघता ट्रायल कोर्टाने स्वतःहून पुढची कार्यवाही चालू करावी. पण "वेळ लागतो" आणि "होऊच शकत नाही" या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. आणि बऱ्याच घरांत नोटीस गेल्यावरच पहिल्यांदा बोलणं सुरू होतं, मग मध्यस्थीत किंवा लोकअदालतीत तडजोड होऊन जाते.

आता बाहेरचा माणूस सामान घेऊन येतो ही भीती. आपला अविभक्त (अजून वाटप न झालेला) हिस्सा कुणीही विकू शकतो हे खरं, पण कुटुंबाचं राहतं घर असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४ स्पष्ट सांगतं की त्या कुटुंबाबाहेरच्या खरेदीदाराला घरात एकत्र ताबा मागायचा हक्क मिळत नाही. त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो, आणि त्याने दावा लावला की १८९३ च्या कायद्याचं कलम ४ कुटुंबातल्या हिस्सेदाराला त्याचा हिस्सा मूल्यांकनाने विकत घ्यायची मुभा देतं. त्याच्याही आधी, हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पहिल्या वर्गातला (मुलं, बायको, आई असा जवळचा) एक वारस वारशाने आलेला हिस्सा विकायला काढत असेल तर बाकीच्या वारसांना घ्यायचा पहिला हक्क आहे. कुणी गुंड पाठवून घुसायला बघत असेल तर दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मागा, घाबरून कवडीमोल भावात सही करू नका.

बारा वर्षांचं तर जास्तच चुकीचं पसरलंय. एक भाऊ वीस वर्षं राहिला म्हणून घर त्याचं होत नाही, सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांच्या वतीने धरला जातो. त्याने उघडपणे तुमचा हक्क नाकारला, तुम्हाला ते कळलं, आणि तिथून बारा वर्षं तुम्ही काहीच केलं नाही, तर मात्र अडचण येते. म्हणून "तुमचा इथे काही संबंध नाही" असं लेखी पत्र, वकिलाची नोटीस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला तर तारीख लिहून ठेवा आणि लेखी उत्तर द्या. खोल्या भाड्याने दिल्या असतील तर त्या भाड्याचा हिशोबही मागता येतो.

प्रॉपर्टी कार्ड, सातबारा, गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८, या नोंदी आहेत, मालकीचा अंतिम पुरावा नाहीत, हे कोर्टांनी इतक्या वेळा सांगितलंय की वाद घालण्यातच अर्थ नाही. सोसायटीतलं नॉमिनेशनही तसंच, नॉमिनी सांभाळणारा असतो, वारसांचा हक्क त्याने संपत नाही. वारसनोंद करून घ्या, ती कामाची आहे, पण नाव नाही म्हणून हक्क गेला असं समजू नका.

बहिणींचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण हा एके काळी खरा होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं, त्यात राहत्या घराचं वाटप भाऊ जोपर्यंत आपापले हिस्से वेगळे करत नाहीत तोपर्यंत मुलींना मागता येत नव्हतं. ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून काढून टाकलंय. म्हणजे मेसेजमधला कायदा जाऊन वीसेक वर्षं झाली आणि अजून आत्या-मावश्यांना तोच ऐकवला जातोय. वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलगी जन्माने समान हिस्सेदार आहे, वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय (२० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटपं आणि विक्री मात्र उघडत नाहीत). राखीपौर्णिमेला बोलावून "नुसती नाव लावायची प्रोसिजर आहे" म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतात त्याचा मला मनापासून राग येतो. हक्क सोडायचा तर जरूर सोडा, तुमचा निर्णय आहे, पण कागद घरी नेऊन वाचा. आणि भावांनीही लक्षात ठेवा, नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवरचं हक्कसोड पुरत नाही, ते रजिस्टरच व्हावं लागतं.

गोव्यात हा मेसेज पाठवत असाल तर अजूनच थांबा, तिथे वारसांची वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेने (कोर्टात मालमत्तेची यादी करून) होते आणि घर विकायला सहसा नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, इथलं गणित तिथे चालत नाही. मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांत हिस्से किती ते त्यांच्या कायद्याने ठरतात, पण वाटप कायदा आणि कलम ४४ त्यांनाही लागू आहेत.

आणि दावा लावणारच असाल तर एक गोष्ट वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा. महाराष्ट्रात नुसता दावा दाखल असून भागत नाही, दावा चालू असल्याची नोटीस, लिस पेंडन्स म्हणतात ती, सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करावी लागते. ती केली की त्यानंतर समोरच्याने गुपचूप घर विकलं तरी घेणाऱ्यावर कोर्टाचा निकाल बंधनकारक राहतो. ती राहून गेली आणि मध्येच तिसऱ्याच्या नावाने खरेदीखत झालं तर निस्तरायला अजून एक दावा लागतो.