बाटल्या धुण्यापूर्वी एकदा विचारायचे होते

आज दुपारी माझ्या मावसबहिणीचा मुलगा लातूरहून मुद्दाम मला भेटायला अंबाजोगाईला आला. जुन्या दवाखान्यांतल्या वस्तू जमवण्याचा नाद त्याला माझे कपाट पाहूनच लागला आहे, त्यामुळे त्याने मोठ्या कौतुकाने खोके उघडले तेव्हा मला आनंदच व्हायला हवा होता. खोक्यात 21 बाटल्या होत्या, पितळी पारड्यांचा लहान तराजू होता, वजनांची लाकडी पेटी होती आणि चिनी मातीचा एक खल होता. एका तालुक्याच्या गावातला जुना दवाखाना पाडायला काढला, घरच्यांनी आतले सामान किलोवर भंगारात घातले आणि याने ते भंगारवाल्याच्या गाड्यावरून सोडवून आणले. "मावशी, दोन दिवस नुसता घासत होतो," असे तो म्हणाला. बाटल्या त्याने कॉस्टिक सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्या होत्या, तराजू आणि वजने चिंचेने आणि मग पितांबरीने लख्ख केली होती. सगळे चकाकत होते. 21 बाटल्यांपैकी एकीवरही एक अक्षर शिल्लक नव्हते.

मी त्याला चहा दिला, जेवून जा म्हटले, पण फारसे काही बोलले नाही. तो गेल्यापासून मात्र मन थाऱ्यावर नाही आणि म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात सहा औंसांची एक साधी, बिनरंगी बाटली आहे. बाजारात तिला कोणी दहा रुपये देणार नाही. तिच्या एका अंगाला कागदाची उभी पट्टी चिकटवलेली आहे आणि त्या पट्टीच्या दोन्ही कडांना करवतीच्या दात्यांसारख्या खाचा आहेत. ज्यांचे बालपण 1980 च्या आधीचे आहे त्यांना ही पट्टी सांगावी लागणार नाही. कंपाउंडर मिश्रण तयार करी, बाटलीत ओती आणि डोस मोजता यावेत म्हणून ही पट्टी लावी. माझे वडील, अण्णा, असेच एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ते कागद आधी तीन पदरी आणि मग दुहेरी दुमडत, दुमडलेल्या पट्टीचे कोपरे कात्रीने उडवत आणि पट्टी उलगडली की सहा डोसांच्या खुणा सारख्या अंतरावर उमटलेल्या असत. संध्याकाळी घरी बसून त्या पट्ट्या कापण्याचे काम माझे होते. "खाच नीट पाड, माणूस चिमणीच्या उजेडात औषध घेतो, त्याला ती अंगठ्याला लागली पाहिजे," असे ते मला सांगत. अक्षर न येणाऱ्या माणसासाठी केलेले ते लिखाण होते, असे मला आज वाटते.

विषाच्या जुन्या बाटल्यांचेही तसेच असे. गडद निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, सहा बाजूंच्या, अंगावर उभ्या धारा असलेल्या बाटल्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की त्या धारा शोभेसाठी नव्हत्या. रात्री अंधारात चुकून हात पडला तर बोटांनीच माणसाला सावध करावे म्हणून त्या होत्या. या मुलाच्या खोक्यात तशी एक निळी बाटली आहे. तिच्यावर काहीतरी लिहिलेले होते एवढेच त्याला आठवते, लिपी कोणती होती ते आठवत नाही. माझ्या जीवाची तगमग नेमकी इथे होते. आपला हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभार उर्दूतून चाले. माझ्याकडच्या एका बरणीवर उर्दूत 'जहर' असे लिहिलेले आहे, ते मला शेजारच्या एका वृद्ध चाचांनी वाचून दाखवले. त्या तीन-चार अक्षरांमुळे ती बरणी कोणत्या काळातली, कोणत्या राज्यातली आणि कोणाच्या हाताखालून गेलेली हे निदान अदमासाने तरी सांगता येते. तेच लेबल धुऊन टाकले असते तर मुंबईच्या चोरबाजारातली कोणतीही बरणी आणि ती बरणी यांत काय फरक राहिला असता?

त्याने वस्तू भंगारातून वाचवल्या हे मला मान्य आहे. तो गेला नसता तर आज त्या काचेचा चुरा झाला असता, हेही मान्य आहे.

पण मग वजनांचे काय? पेटीत ग्रेन, स्क्रुपल आणि ड्रामची वजने आहेत. 20 ग्रेनांचा एक स्क्रुपल, तीन स्क्रुपलांचा एक ड्राम आणि आठ ड्रामांचा एक औंस, हे कोष्टक अण्णा मला पाढ्यांसारखे म्हणायला लावत. एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम; वैद्यांची एक गुंज भरायची तर त्याला जवळजवळ दोन ग्रेन लागतात. ही वजने कंपाउंडर बोटांनी उचलतसुद्धा नसे, चिमट्याने उचले, कारण हाताचा घाम आणि मळ लागला तरी वजनात फरक पडतो. अशी वजने चिंच लावून खसाखसा घासणे म्हणजे त्यांच्या अंगावरचे पितळ उतरवणेच आहे. जे वजन खरे होते ते आता खोटे झाले. काळपट दिसत होते तेव्हा ते प्रामाणिक होते.

बुचांची गोष्ट तर याहून वाईट आहे. घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची आणि त्याच्या बाटलीची जोडी ठरलेली असते. एकाचे बूच दुसरीला बरोबर बसत नाही, म्हणून कित्येकदा दोघांवर एकच आकडा कोरलेला असतो. याने सगळी बुचे एका बादलीत काढली आणि नंतर जिथे बसेल तिथे बसवली. मी एक आकडा वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं कंपनीचा नंबर असेल." सांगितले असते तर त्याने तसे केले नसते. पण विचारायचे तरी होते ना!

माझ्या त्या बाटलीची पट्टी कशाने चिकटवली आहे ते लिहिते, म्हणजे मी लेबलांसाठी एवढी का चिडले आहे ते कळेल. ते 1972 चे साल होते. मी चौदा वर्षांची होते. पाऊस नव्हता, विहिरी आटल्या होत्या, दुष्काळी कामावर हजारो माणसे खडी फोडत होती, बायका तान्ही पोरे उन्हात झोळीत ठेवून गिट्टीची मापे भरत होत्या. मिळेल ते पाणी पिऊन जुलाबाचे रोगी दवाखान्यात रोज येत. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे, तिच्या भाकरी कोणाच्या घशाखाली नीट उतरत नसत, पण घरात दुसरे काही नव्हतेही. पट्ट्या चिकटवायला अण्णा एरवी गव्हाच्या पिठाची खळ करत. त्या वर्षी गहू दिसेना म्हणून ते मिलोच्या पिठाची खळ शिजवू लागले. त्यावरून आई त्यांच्याशी भांडली होती. "लेकरांच्या तोंडचं पीठ बाटल्यांना फासता?" हे तिचे वाक्य मला आजही तसेच ऐकू येते. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी कमी केली आणि खळ शिजवणे चालू ठेवले. त्या पट्टीच्या कडेला आजही तांबूस वाळलेली खळ दिसते. गरम पाण्यात ती दोन मिनिटांत विरघळेल.

आता कोणी म्हणेल की आत जुने औषध राहिले असेल तर बाटली न धुता घरात ठेवणे धोक्याचे आहे. आहेच. पाऱ्याची संयुगे, सोमल, कुचला ही सगळी विषे जुन्या दवाखान्याच्या फडताळात असत आणि वाळलेले पिवळे पिक्रिक ॲसिड तर झाकण फिरवताना होणाऱ्या घर्षणानेही भडकू शकते, म्हणून पिवळी खपली दिसली की ते बूच अजिबात उघडू नये आणि जाणकाराला बोलवावे. पण आतले काढणे वेगळे आणि बाहेरचे लेबल खरवडणे वेगळे. धोक्याचे कारण पुढे करून अक्षरे पुसणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही. त्यांना औषधाची भीती नसते, बाटली दिवाणखान्यात चांगली दिसायला हवी असते.

खरे सांगायचे तर माझा राग या मुलावर कमी आहे आणि ज्यांनी त्याला हे शिकवले त्यांच्यावर जास्त आहे. मोबाईलवर रोज अशी चित्रे फिरतात, आधीची मळकट वस्तू आणि नंतरची चकचकीत वस्तू, आणि खाली लोक शाबासकी देतात. त्याच जगात नवी कोरी निळी बाटली जुनी म्हणून विकली जाते आणि साच्याची शिवण बाटलीच्या ओठावरून थेट वरपर्यंत गेली असेल तर ती यंत्रावर घडलेली आहे, एवढी साधी खूणही घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. वस्तू कोणाकडून आली, कोणत्या खोलीत होती, तिच्या शेजारी काय होते, हे विचारले की विकणारा आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतो.

आपल्याच भागातल्या तेर या प्राचीन गावाचे उदाहरण आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या मातीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि तिथले शासकीय संग्रहालय आज त्यांच्या नावाने उभे आहे. त्या मण्यांना आणि मातीच्या मूर्तींना मोल कशामुळे आहे? त्या तेरच्या आहेत हे ठाऊक आहे म्हणून आहे. दवाखान्याच्या वस्तूंना तर कायद्याचाही आधार नाही, कारण 1972 च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षे जुनी वस्तू बसते आणि आपल्या तालुक्यांतल्या दवाखान्यांतले बहुतेक सामान त्याहून अलीकडचे आहे. म्हणजे ते राखायचे ते तुम्ही आणि मीच. त्यासाठी पैसा लागत नाही. एक वही, एक शिसपेन आणि विचारण्याची लाज न वाटणे पुरते. रोग्यांच्या नावांची जुनी रजिस्टरे सापडली तर त्यांची पाने मात्र कृपा करून मोबाईलवर टाकू नका, ती माणसे कोणाची तरी आई-आजी आहेत.

त्या बाटलीचे राहिलेले सांगते. अण्णा 1998 मध्ये गेले. तेराव्याच्या दिवशी मांडवाबाहेर एक वयस्कर बाई उभी होती, लुगड्याच्या पदरात काहीतरी गुंडाळलेले होते. मी तिला ओळखत नव्हते. तिने पदर सोडून ही बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "माय, तुज्या आण्णाची बाटली हाय. परत आन म्हनले व्हते, माझ्याच्यानं झालं न्हाई." त्या काळी रोग्याने बाटली घरून आणायची रीत होती. दुष्काळात खडीवरून थेट आलेल्या या बाईकडे बाटली नव्हती, म्हणून अण्णांनी दवाखान्यातली दिली होती. मी तिला विचारले की एवढी वर्षे का ठेवलीस. तिने सांगितले की औषध सासूसाठी नेले होते, चार डोस झाले आणि पाचव्याला सासू राहिली नाही. उरलेले दोन डोस ओतून द्यायला तिचा जीव झाला नाही आणि बाटली परत करायची म्हणून ती फोडूही दिली नाही.

जुलाबावरचे ते केओलिनचे मिश्रण होते. केओलिन म्हणजे चिनी माती, ज्या मातीचा खल होतो तीच. इतक्या वर्षांत आतले पाणी उडून गेले आहे आणि बाटलीच्या तळाशी पांढरा थर बसला आहे. मात्र आतल्या काचेवर एक बारीक पांढुरकी रेघ राहिली आहे, ती बरोबर चौथ्या खाचेपाशी आहे. मी ती बाटली कधी धुतली नाही. त्या रेघेपाशी काय थांबले ते मला माहीत आहे, आणि पट्टी निघाली तर ती रेघ कोणालाच काही सांगणार नाही.

हे लिहीत असताना त्याचा निरोप आला. मी जेवताना गप्प का होते, असे त्याच्या आईने त्याला विचारले म्हणे, आणि त्याने मला विचारले. मी फोन करून सगळे सांगितले, थोडी रागावले, नंतर रागावल्याचे वाईट वाटले, कारण पलीकडून तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला की भिजवण्याआधी त्याने सगळ्या बाटल्या अंगणात मांडून एक फोटो काढला होता. तो त्याने पाठवला आहे. फोटो मोठा करून पाहिला तर सात लेबले वाचता येतात, निळ्या बाटलीवरची अक्षरे उर्दू आहेत हे ओळखता येते, आणि मागच्या रांगेतल्या दोन बाटल्यांवर खाचांची पट्टी आहे. त्याच्या घरी अजून एक पिशवी न उघडता ठेवलेली आहे, तीत किती बाटल्या आहेत ते त्याने मोजलेले नाही. पिशवीला हात लावू नकोस असे मी त्याला सांगितले आहे. येत्या रविवारी मी लातूरला जाणार आहे, आणि ज्या भंगारवाल्याकडून त्याने हे सामान घेतले त्याच्याकडेही आम्ही दोघे जाणार आहोत, कारण दवाखान्यातली रजिस्टरे कोणत्या रद्दीवाल्याकडे गेली ते त्यालाच ठाऊक असेल.