कुत्र्याला शुगर-फ्री आइस्क्रीम? आधी डबा वाचा

उन्हाळा लागला की हा मेसेज हमखास फिरतो: "कुत्र्याला आइस्क्रीम द्या. अंग थंड राहतं, दुधामुळे पोषण मिळतं. साखरेची काळजी असेल तर शुगर-फ्री द्या. आमचा रोज खातो, काही होत नाही." यातला सगळ्यात काळजीवाहू वाटणारा सल्लाच सगळ्यात घातक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

शुगर-फ्री आइस्क्रीममध्ये गोडीसाठी कधीकधी झायलिटॉल घालतात. माणसाच्या इन्सुलिनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र फसतं. ते भरमसाट इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर कोसळते, अनेकदा तासाभराच्या आतच. त्यासाठी वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम झायलिटॉल पुरतं. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला जेमतेम १ ग्रॅम. उलट्या, झोकांड्या, फिट. मात्रा जास्त असेल तर यकृत निकामी. डब्यावर हाच पदार्थ 'बर्च शुगर' या गोंडस नावानेही लिहिलेला असतो. स्टीव्हिया या वनस्पतीपासूनच्या गोडव्यात हा धोका नाही, पण आत नेमकं काय आहे हे लेबल वाचल्याशिवाय कळणार कसं?

दुधाचं म्हणाल तर पिल्लाला ते पचतं. वय वाढतं तसं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारं एन्झाइम बहुतेक कुत्र्यांत कमी होतं, मग गॅस आणि जुलाब. साध्या व्हॅनिलाचा एखादा चाटा घेतला म्हणून धडधाकट कुत्रा दगावत नाही, हेही खरं. पण वाटीभर आइस्क्रीममधली चरबी काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज आणू शकते.

अंग थंड राहतं? कुत्रा उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून. उन्हाने तो मलूल झाला असेल तर सावली, अंगावर पाणी आणि डॉक्टर, आइस्क्रीम नव्हे.

राहिलं "आमचा रोज खातो". कुठल्या चवीचं? चॉकलेटमधलं थिओब्रोमाइन कुत्र्याला विषारी, आणि त्याच्या शरीरातून ते फार सावकाश निघतं. मनुक्यांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती मनुके सुरक्षित याचा आकडा कुणाकडेच नाही. मॅकाडेमिया या सुक्या मेव्याने मागचे पाय लुळे पडतात. एका घरच्या व्हॅनिलावरून सगळ्या चवींना पास करणं म्हणजे कमालच झाली! (आमच्याकडे गोठवलेल्या केळ्याच्या दोन चकत्या मिळतात. तक्रार अजून आलेली नाही.)

शुगर-फ्री पोटात गेलंच असेल तर लक्षणांची वाट पाहू नका आणि मनाने उलटी करवू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा, डबा हातात ठेवून. ते आधी घटकच विचारतील.