अवयव पाडायची खोड

नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली की बाकीचे हॉर्न वाजवतात आणि मी पुढच्या गाडीच्या नंबराचे अवयव पाडतो. ही खोड ज्याला नाही त्याने लावून घेऊ नये. एमएच 15 मधले 3 आणि 5 फुकटात मिळतात, तिथूनच चटक लागते. पुढचे चार अंक फार तर 9999. त्याचं वर्गमूळ शंभराच्या आत, म्हणजे 97 पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं की निकाल. द्वारकेला तर पडताळा घेऊनही वेळ उरतो.

खरा छळ पिनकोडपासून सुरू होतो. नाशिकचा 422001 घ्या. शेवटी 1, तेव्हा 2 आणि 5 बाद. अंकांची बेरीज 9, म्हणून 9 ने भाग जातो आणि उरतात 46889. आता 7, 11, 13 एकदम तपासायचे. 1001 हा त्या तिघांचा गुणाकार असल्यामुळे तीन-तीन अंकांचे गट करून वजाबाकी केली की पुरतं: 422 वजा 001 म्हणजे 421. तिघांपैकी एकालाही तो दाद देत नाही. मग 17, 19, 23 करत थेट 211 पर्यंत जायचं, कारण 46889 चं वर्गमूळ 216 च्या थोडं पुढे आहे. वाटेत 173 ला बाकी 6 उरते, 197 ला 3, आणि माणूस हुरळतो की आता पुढच्याला नक्की जाणार. बाकी लहान आली म्हणजे अवयव जवळ आला, असं काही नसतं. 211 लाही बाकी 47 उरते, आणि मग कळतं की 46889 ही मूळ संख्याच होती.

देवळालीचा 422401 त्या मानाने भला. 422 वजा 401 म्हणजे 21, आणि 7 लगेच हाती. अंकांच्या बेरजेने ज्यांना नि:शेष भाग जातो त्या हर्षद संख्यांना हे नाव दिलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. नाशिकचा पिनकोड हर्षद आहे. त्यांच्या देवळालीचा नाही, कारण तिथे बेरीज 13 येते. टपाल खात्याने निदान एवढं तरी बघायला हवं होतं.

मोबाइल नंबरच्या वाटेला हाताने जाऊ नये. दहा अंक, वर्गमूळ लाखाच्या आत, आणि तिथवर 9592 मूळ संख्या. त्यावर फर्मा या गणितज्ञाची युक्ती आहे: तपासायच्या विषम संख्येला n म्हटलं, तर 2 चा (n−1) वा घात करून n ने भागायचा. दर पायरीला वर्ग करून बाकीच तेवढी ठेवत गेलं की तेहतीसेक वर्गांत काम होतं. बाकी 1 सोडून काहीही आली तर संख्या संयुक्त, वादच नाही. 1 आली तर मात्र लगेच पेढे वाटू नका. 341 हीदेखील 1 दाखवते आणि ती आहे 11 गुणिले 31.

पण ही युक्ती संख्या फुटते एवढंच सांगते, कुठे फुटते ते सांगत नाही. 2 चा 67 वा घात वजा 1, ही एकवीस अंकी संख्या संयुक्त असल्याचं ल्युकास या गणितज्ञाने 1876 मध्ये अवयव न काढताच दाखवलं. अवयव मिळाले 1903 मध्ये. कोल नावाच्या गणितज्ञाने सभेत फळ्यावर एकही शब्द न बोलता एकीकडे तो घात काढून 1 वजा केला, दुसरीकडे 193707721 गुणिले 761838257287 केलं, दोन्ही उत्तरं जुळली आणि तो जागेवर जाऊन बसला. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांपेक्षा मधल्या सत्तावीस वर्षांची जास्त काळजी वाटते.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे विसावी फर्मा संख्या, म्हणजे 2 चा 1048576 वा घात अधिक 1 (1048576 हा 2 चा 20 वा घात). तिच्यात अंकच 315653 आहेत. संयुक्त असल्याचं सिद्ध झालंय, पण तिचा एकही मूळ अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. बँकांच्या संकेतस्थळांवर अजूनही बऱ्याच ठिकाणी 617 अंकी संयुक्त संख्येचं कुलूप असतं, तेही याच अडचणीच्या भरवशावर. तेव्हा नाशिककरांनी पैशांची चिंता करू नये. माझ्यासारखे अजून 211 लाच अडकलेत.