इच्छुक जास्त म्हणून पक्ष फुटला?

अमेरिकेत निवडणूक आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. शब्द बदलतात, सूर तोच: "एका पक्षात एवढे इच्छुक म्हणजे नुसती भाऊबंदकी. आपसात भांडून दमलेले समोरच्याला काय हरवणार? वर मतं फुटतात आणि भलताच निवडून येतो. त्यापेक्षा श्रेष्ठींनी एक नाव ठरवून मोकळं व्हावं."

'भांडून दमतात' हे आधी घेऊ. २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायच्या निवडणुकीत) ओबामा, हिलरी क्लिंटन, एडवर्ड्स, बायडन, डॉड, रिचर्डसन असे एकाहून एक तगडे लोक होते. ३ जानेवारीला अयोवात सुरू झालेली चुरस जूनपर्यंत ताणली गेली. एरवी इंडियाना राज्याची पाळी येईपर्यंत निकाल लागलेला असतो, तिकडे कोणी फिरकत नाही. त्या वर्षी मे महिन्यात ओबामा आणि क्लिंटन दोघांनाही तिथे घाम गाळावा लागला. प्रायमरी क्लिंटन यांनी थोडक्यात जिंकली, पण ओबामांची कार्यकर्त्यांची फळी उभी राहिली ती राहिलीच. नोव्हेंबरमध्ये त्यांनी इंडियाना जिंकलं. १९६४ नंतर तिथे डेमोक्रॅट प्रथमच जिंकत होता. सगळं श्रेय प्रायमरीचं नाही, मंदीचाही हात होता. पण दमलेल्या पक्षाची ही लक्षणं नव्हेत.

आणि हरलेल्यांचं काय झालं? बायडन यांना अयोवात एक टक्काही मिळाला नव्हता, त्याच रात्री त्यांनी माघार घेतली. ओबामांनी उपाध्यक्षपदासाठी निवडलं ते त्यांनाच. क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या. फॉरवर्डवाल्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा आपल्याकडचा एबी फॉर्मचा शेवटचा दिवस असतो. पण आपल्याकडे नाराज इच्छुक बंड करतो, कारण त्याची मतं कोणी मोजलेलीच नसतात. बायडन यांची मोजून झाली होती.

'इच्छुक म्हणजे वैरी' म्हणणाऱ्यांनी अयोवाचं कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची गावसभा, डोळ्यांपुढे आणावं. २०२० पर्यंत तिथले डेमोक्रॅट असेच निवड करायचे: शाळेच्या जिममध्ये गावातली माणसं जमायची. अमक्याचे समर्थक या कोपऱ्यात, तमक्याचे त्या. बहुतेक ठिकाणी पंधरा टक्के माणसं जमली नाहीत तर तो गट बाद, मग त्यातल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. मग शेजारी शेजाऱ्याला हाक मारायचा, "आमच्याकडे या." वर्षभर ज्याच्या नेत्याला तुम्ही शिव्या घातल्या, तो कशाला येईल तुमच्या कोपऱ्यात?

'श्रेष्ठींनी नाव ठरवावं' याला फार शब्द खर्च करायला नकोत. १९६८ मध्ये हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात काय रामायण घडलं ते जगाने पाहिलं, आणि पुढे रिपब्लिकन निक्सन जिंकले. २०२४ मध्ये बायडन यांच्यासमोर पक्षात दमदार कोणी उतरलंच नाही, प्रायमरीत त्यांना एकदाही वादविवादाला उभं राहावं लागलं नाही. २७ जूनला अटलांटात ट्रम्प यांच्यासमोरच्या वादविवादात बायडन यांचं जे अडखळणं दिसलं, ते जानेवारीतच दिसलं असतं.

राहिला 'मतं फुटतात' हा मुद्दा. तो अर्धा खरा आहे, आणि त्याचा दाखला बेळगावातून तिकडे गेलेल्या माणसाचाच आहे. २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. श्री ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले आणि अमेरिकेच्या संसदेत गेले. मराठी माणूस म्हणून आनंद, पण सत्तरहून जास्त टक्के मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं, हेही खरंच.

मात्र हा दोष मोजणीच्या पद्धतीचा आहे, उमेदवारांच्या गर्दीचा नाही. विधान परिषदेमुळे 'दुसऱ्या पसंतीची मतं' आपल्याला नवी नाहीत. न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीतही पसंतीक्रम लावतात, मागे पडलेल्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. २०२५ मध्ये तिथे अकरा नावं होती. ममदानी आणि ब्रॅड लँडर हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि दोघांनी आपापल्या मतदारांना सांगितलं, पहिली पसंती मला, दुसरी त्याला. लँडर तिसरे आले. ममदानी जिंकले, तेही शेवटच्या फेरीत ५६ टक्के मतांनी.