तिखट ही चव नव्हेच
शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या २०२१ च्या वैद्यकशास्त्रातल्या नोबेलवरचा तुमचा लेख आवडला, पण 'मिरचीच्या चवीचा शोध' हे शब्द खटकले. तिखट ही चव नाही हो, ती वेदना आहे!

मला खरी गंमत वाटते ती त्यांच्या पद्धतीची. उंदराच्या वेदनावाहक चेतापेशींतल्या जनुकांचे असंख्य तुकडे घ्यायचे, मिरचीतल्या कॅप्सेसिनला अजिबात दाद न देणाऱ्या पेशींत ते घालायचे आणि कॅप्सेसिनने आता कुठली पेशी दचकते ते बघत बसायचं. काय चिकाटी! १९९७ मध्ये त्यातून एक जनुक हाती लागलं. त्याचं प्रथिन म्हणजे चेतापेशीच्या आवरणातलं जणू एक दार; ते कॅप्सेसिनने उघडतं, तसंच साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही. म्हणजे ठेचा खाऊन आपण 'तोंड भाजलं' म्हणतो, ते चेतापेशींच्या लेखी खरंच असतं.

पुढची गोष्ट मात्र लेखात हवी होती. हे दार बंद करणारी वेदनाशामकं करून पाहिली, तर चाचण्यांत काहींना चक्क ताप भरला, शिवाय कढत वस्तूचा चटकाही नीट कळेना. उलट नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या ठणक्यावर कॅप्सेसिनचीच ८ टक्क्यांची पट्टी लावतात. काट्याने काटा, दुसरं काय.